एवढ्या पट्टीपुरतं

‘नॉर्मल’ हा शब्द धकातेकाकांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. छातीवरचे रबरी फुगे निघाले, जेली पुसून झाली, की पलंगावरचा माणूस शर्टाची बटणं लावता लावता विचारणारच, “काका, नार्मल आहे ना जी?” काका मशीनमधून निघालेली ईसीजीची पट्टी खिडकीच्या उजेडात धरायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहायचे आणि म्हणायचे, “एवढ्या पट्टीपुरतं ठीक आहे.”

झालं! चांगला हसत आलेला माणूस पांढराफटक पडायचा. एवढ्या पट्टीपुरतं म्हणजे काय? मग पुढे काय होणार आहे? बाहेर बाकावर बसलेली त्याची बायको डोळ्याला पदर लावायची आणि त्या दोघांची समजूत घालायला मला जावं लागायचं. एकदा मी चिडून म्हटलं, “काका, एक शब्द चांगला बोललात तर जीभ झिजेल का तुमची?”

“म्याडम, हे पट्टी दहा सेकंदाची,” काका शांतपणे म्हणाले. “मी दहा सेकंदाचं सांगू शकतो. अकराव्या सेकंदाचं मले काय माहीत?”

मला वाटलं, म्हातारा तिरसट आहे. या बोलण्यामागे एक बाई उभी आहे, हे कळायला पुढे दीड वर्ष गेलं.

हॉस्पिटल नागपूरच्या धंतोलीतलं होतं. नाव सांगत नाही. सांगूनही उपयोग नाही, ते बंद पडून बरीच वर्षं झाली. धंतोलीत खडा मारला तर तो डॉक्टरलाच लागेल, असं माझे वडील म्हणायचे. गडचिरोलीपासून यवतमाळपर्यंतचा आजारी माणूस शेवटी त्या चार गल्ल्यांमध्ये येऊन पोचतो. आमचं हॉस्पिटल हृदयरोगाचं, वीस खाटांचं. वर मोठे डॉक्टर, म्हणजे मालक. खाली मी, नुकतीच एमबीबीएस झालेली, गळ्यात स्टेथोस्कोप आणि डोक्यात वारं. आणि जिन्याखालच्या खोलीत ईसीजी मशीन घेऊन बसलेले धकातेकाका. त्यांचं काम पट्टी काढायचं. वाचायचं काम आमचं. प्रत्यक्षात त्या इमारतीत पट्टी खरोखर वाचणारा माणूस एकच होता आणि तो जिन्याखाली बसत होता, हे सगळ्यांना माहीत होतं. मोठ्या डॉक्टरांनाही.

काका पाचपावलीचे, हलबा कोष्ट्यांच्या घरातले. वडिलांचा हातमाग होता. तुटलेला धागा शोधण्यात लहानपण गेलं, असं सांगायचे. माग बंद पडले तेव्हा हे वॉर्डबॉय म्हणून लागले आणि बघून बघून मशीन शिकले. अंगानं काडी, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि हात मात्र कायम गरम. डिसेंबरात नागपूरची थंडी हाडात शिरते. त्या दिवसांत काका मनगटाला लावायचे चिमटे स्वतःच्या बगलेत धरून बसायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. “हसा,” ते म्हणाले. “अंगाले थंड लोखंड लागलं का मानूस कापते. मानूस कापला का रेघ कापते. अन् रेघ कापली का तुम्ही घाबरता.” मे महिन्यात उलटं. घामानं फुगे छातीवरून सुटून टपाटप पडायचे आणि काका पंच्यानं पेशंटची छाती अशी टिपत बसायचे, जणू घरचंच न्हाऊन आलेलं पोर. बाईमाणूस असलं की सिस्टरला बोलवल्याशिवाय हात लावायचे नाहीत आणि मशीन चालू असेपर्यंत तोंड भिंतीकडे.

पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. काका चहाला गेले होते आणि खापरखेड्याचा एक पेशंट छातीत दुखतं म्हणून आला. मी स्वतःच तारा लावल्या, पट्टी काढली आणि पाहते तर पहिली रेघ पूर्ण उलटी. पुस्तक आठवलं. जिने चढत धावत मोठ्या डॉक्टरांकडे गेले. “सर, पेशंटचं हृदय उजव्या बाजूला आहे!” सर उठले, सिस्टर उठल्या, सगळी वरात खाली आली. तेवढ्यात काका तोंड पुसत आले, पट्टीकडे एकदा पाहिलं, पेशंटच्या हातांकडे एकदा पाहिलं. उजव्या हाताची तार डाव्याला होती आणि डाव्याची उजव्याला. त्यांनी चिमटे बदलले आणि सरांना म्हणाले, “हृदय जागेवरच आहे जी. तारा माह्या हातून बदलल्या.” सर त्यांना दोन शब्द सुनावून वर गेले. मी कान लाल करून उभी. काका हळूच म्हणाले, “म्याडम, तार लावताना पेशंटचा उजवा हात पाहायचा, आपला नाही.” दुसऱ्याची चूक ते खांद्यावर टॉवेल घ्यावा तशी अंगावर घ्यायचे.

त्या दिवसापासून मी त्यांची शिष्य झाले. दुपारी ओपीडी आटोपली की जिन्याखालच्या खोलीत आमची शाळा भरायची. काकू हिवाळ्यात सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, करून पाठवायच्या. डबा उघडा, आणि बाजूला पट्ट्या. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची रेघ छोटीशी असते, नुसता उंचवटा. खालच्या कप्प्यांची उंच, टोकदार. पुस्तकात त्यांना इंग्रजी अक्षरं आहेत. काकांकडे लहाना आणि मोठा.

“लहाना आधी हाक मारते,” ते सांगायचे, “मंग मोठा ओ देते. हाक, ओ. हाक, ओ. घर सुखी आहे. आता ओ याले उशीर लागून राहिला, तं कुठंतरी कुरबूर आहे. उशीर वाढत वाढत एखाद्या खेपेले ओ आलीच नाही, तं समजायचं आतमंदी काही बिघडलं. अन् लहाना आपल्या तालात, मोठा आपल्या तालात, कोणाचं कोणाशी बोलणंच नाही, असं दिसलं तं बाप्पा, त्या मानसाले घरी जाऊ द्यायचं नाही. दरवाजात आडवं पडायचं.”

हार्ट ब्लॉकवरचा जो धडा मी कॉलेजात तीनदा वाचून तीनदा विसरले होते, तो त्या सांबारवडीबरोबर पोटात गेला तो कायमचा. ते कोऱ्या कागदाची कड पट्टीखाली धरायचे, प्रत्येक लहान्याखाली पेन्सिलीची खूण करायचे आणि मग तो कागद पुढे सरकवत न्यायचे. खुणेवर लहाना सापडला तर ठीक. नाही सापडला तर तो कुठे लपलाय ते शोधायचं. “मोठा तं आंधळ्यालेही दिसते. लहान्याले सोडायचं नाही,” असं दर दोन दिवसांनी ऐकायला मिळायचं.

एकदा महालातले एक निवृत्त शिक्षक आले. पट्टीवर करवतीच्या दातांसारखी रेघ. मी आणि माझ्याबरोबरच्या डॉक्टरनं मोठ्या विद्वत्तेनं निदान केलं की वरचे कप्पे फडफडताहेत, आणि सिस्टरला इंजेक्शन भरायलाही सांगितलं. काका म्हणाले, “एक मिनिट जी,” आणि त्या गृहस्थांकडे वळले. “गुरुजी, दोन्ही हात कमरेखाली दाबून धरा बरं.” गुरुजींनी हात दाबले. करवत गायब. सरळ, शहाणी रेघ. बिचाऱ्यांना कंपवात होता आणि त्यांचे हात थरथरत होते, एवढंच. गुरुजी पडल्या पडल्या म्हणाले, “वर्गात दंगा करणाऱ्या पोरांना मी हीच शिक्षा करत असे.” काका त्या दिवशी पोट धरून हसले. ते हसत असत, हे मुद्दाम लिहून ठेवते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की हा माणूस जन्मभर सुतकात होता.

पण दोन गोष्टी विचित्र होत्या. एक म्हणजे ते कचऱ्याचं खोकं. फाटलेल्या, खराब आलेल्या पट्ट्या त्यात टाकत. सफाईवाली बाई ते रिकामं करायला आली की काका तिला थांबवायचे, खोकं खाली ओतायचे, एक एक तुकडा सरळ करून पाहायचे आणि मगच नेऊ द्यायचे. “काय सोनं हरवलं काजी तुमचं?” असं ती रोज विचारायची आणि रोज उत्तराशिवाय जायची. दुसरं म्हणजे ‘भोवळ’ हा शब्द. छातीत दुखतं, धाप लागते, काहीही सांगा, काका आपले शांत. पण कुणी भोवळ म्हटलं की त्या माणसाला पलंगावरून उठू देत नसत. मशीन चालूच ठेवायचे. कागद जमिनीवर वेटोळं घालत जायचा. मोठे डॉक्टर ओरडायचे, काका मान खाली घालून ऐकायचे आणि पुढच्या भोवळीला पुन्हा तेच.

रामटेकच्या गडाच्या पायऱ्यांवर फुलं विकणारा एक माणूस होता. त्याला तीनदा भोवळ आली होती आणि तीन ठिकाणी काढलेले तिन्ही ईसीजी चांगले होते. मोठे डॉक्टर म्हणाले, उपाशीपोटी गड चढतो, दुसरं काही नाही. काकांनी मशीन लावलं ते बंद करेनात. पाच मिनिटं, दहा मिनिटं. सर खाली आले. “धकाते, हा काय पोरखेळ लावलाय?” ते बोलत होते, तेवढ्यात त्या माणसाचे डोळे वर गेले आणि आम्ही सगळ्यांनी पाहिलं, कागदावर लहाने एकामागून एक चालले होते आणि मोठा एकही नव्हता. तीन हाका. मग चौथीला ओ आली, माणसाच्या तोंडावर रंग आला आणि त्यानं विचारलं, “झालं का?” त्याला त्याच संध्याकाळी पेसमेकर बसला. सरांनी सगळ्यांसमोर काकांच्या पाठीवर हात ठेवला. कुणीतरी पेढे आणले.

मी पेढा घेऊन जिन्याखाली गेले तर काका स्टुलावर बसून रडत होते. तोंड दाबून, खांदे हलवत. मी घाबरले. “काका, अहो, वाचला तो! तुमच्यामुळे वाचला.”

“हा वाचला,” ते म्हणाले. “ती नाही वाचली.”

मग त्यांनी सांगितलं. मी येण्याच्या सहा वर्षं आधीची गोष्ट.

“तवा मशीन एका रेघेची होती, म्याडम. लांबच लांब पट्टी निघे. मंग कैची घ्यायची, एकेका जागेचा चांगला तुकडा कापायचा अन् जाड कागदावर चिकटवायचा. बाकीचं खोक्यात. जो स्वच्छ तुकडे लावन, तो हुशार टेक्निशियन. अन् मी लई हुशार होतो.”

भिवापूरची एक बाई आली होती. सिंधूबाई. मिरच्यांचे देठ खुडायला जायची. बरोबर नवरा आणि दहा वर्षांचा मुलगा. भोवळ येते, एवढीच तक्रार.

“पट्टी बराबर चालून राहिली होती. मंधातच तिनं हात उचलला, मान वळवली, अन् रेघ सारी वरखाली. मले राग आला. मी म्हटलं, बाई, हलू नका. तं ती म्हणे, भाऊ, भोवळ आल्यासारखं झालं. मी म्हटलं, आधी उगी राहा, मंग सांगा. मंग रेघ सुधरली. मी ते हललेलं कापलं, खोक्यात टाकलं, अन् पुढचं स्वच्छ चिकटवलं.”

मोठ्या डॉक्टरांनी तो स्वच्छ कागद पाहिला, अशक्तपणा आहे म्हणाले, टॉनिक लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मिरच्या खुडता खुडता सिंधूबाईंनी मान टाकली. ज्या डॉक्टरांनी भिवापूरहून पाठवलं होतं त्यांचा दुपारी फोन आला.

“मी खोक्यात हात घातला. सापडला तो तुकडा. रेघ वरखाली होती, पण तिच्यावर लहाने होते, म्याडम. चार. कागदाची कड लावून पाहिली. बराबर अंतरावर, चार हाका. अन् ओ एकबी नाही. ती हलत नव्हती. ती जाऊन राहिली होती. अन् मी तिले म्हणून राहिलो होतो, हलू नका.”

माझ्या हातातला पेढा तसाच होता.

काका तो तुकडा घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेले होते. सरांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “धकाते, हे कुणाला दाखवू नका. गेलेली बाई परत येत नाही.” पंधरा दिवसांनी सिंधूबाईंचा नवरा आला. भांडायला नाही, फक्त विचारायला, की माझी बायको कशानं गेली. सर म्हणाले, “अंगात शक्ती नव्हती, दगदग झाली असेल.” त्या माणसानं कपाळावर हात मारला. “बस सुटन म्हणून मी तिले इथून स्टँडपर्यंत हात धरून पळवत नेलं जी,” एवढं म्हणाला आणि तिथेच खाली बसला.

“मी दारात उभा होतो. हातात जेलीची बाटली होती,” काका म्हणाले. “मी बोललो नाही.”

मला त्यांची दया आली, आणि रागही आला. दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्ही खरे. पण मी काय केलं? मोठ्या डॉक्टरांनी केलं तेच. म्हटलं, “काका, झालं ते झालं. तुम्ही मुद्दाम का केलंत?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डोळे पुसले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. त्यानंतर माझी तिथली तीन वर्षं पुरी होईपर्यंत आम्ही रोज बरोबर डबा खाल्ला, पण भिवापूरचं नाव कुणी काढलं नाही.

मी मानेवाड्याला स्वतःचा दवाखाना काढला. काका निवृत्त झाले. दिवाळीच्या आसपास येऊन जायचे, माझ्या टेबलावरच्या पट्ट्या चाळायचे, एखादीवर बोट ठेवून “हे पुन्हा काढा” म्हणायचे. त्यातल्याच एका भेटीत त्यांनी सांगितलं की ते भिवापूरला दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा स्टँडवर उतरले, चहा प्यायले आणि त्याच बसनं परत फिरले. “घरापर्यंत पाय जातच नाही,” म्हणाले. “रजिस्टरातला पत्ता मले तोंडपाठ आहे. पण स्टँडाच्या पुढं पाय जात नाही.”

मागच्या हिवाळ्यात आले तेव्हा शर्टात माणूस शोधावा लागत होता. स्वादुपिंडाचा कॅन्सर. डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही; रिपोर्ट मी वाचले होते. खुर्चीत बसले आणि म्हणाले, “म्याडम, तुमची गाडी एक दिवस मले द्या. तुमच्यासकट. एकटा गेलो का मी परत येतो.”

त्यानंतर काका जेमतेम सहा आठवडे होते. शेवटी शेवटी मी पाचपावलीला जात असे, उशाशी बसत असे. पण ते काका मला आठवत नाहीत. मला आठवतात ते भिवापूरचे.

आम्ही भिवापूरला निघालो. उमरेड मागे पडलं तसं रस्त्याच्या कडेला मिरच्या वाळत घातलेल्या दिसू लागल्या. गाडीच्या काचा बंद करूनही शिंका थांबेनात. काका पूर्ण वाटेत एकदाच बोलले, “स्टँडवर थांबवू नका.” मी थांबवली नाही. विचारत विचारत गावाच्या टोकाला एका कौलारू घरापाशी आलो. छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, साठी उलटलेला एक माणूस चुलीवर एकट्यापुरतं काहीतरी शिजवत बसला होता. तेच दौलतराव, सिंधूबाईंचे यजमान.

काका खाटेवर बसले नाहीत. खांबाला धरून उभे राहिले. “मी नागपूरच्या त्या दवाखान्यातला पट्टीवाला,” म्हणाले. “सिंधूबाईची पट्टी मी काढली होती.” आणि सगळं सांगितलं. कैची, खोकं, चार हाका. ‘हलू नका’ हेसुद्धा. काही गाळलं नाही, कुठे रडले नाहीत. मोठ्या डॉक्टरांवरही ढकललं नाही. मी बाजूला उभी राहून जमिनीकडे पाहत होते.

दौलतरावांनी चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं. मग विचारलं, “मंग पळवल्यानं नाही गेली ते?”

“नाही,” काका म्हणाले. “तुम्ही पळवायच्या आधीच होतं ते सारं. माह्या खोक्यात होतं.”

“अन् त्या डॉक्टरनं मले सांगतलं...”

“खोटं होतं. मी दारातच उभा होतो. मले माहीत होतं.”

“मंग तवाच काहून नाही बोलले गा?”

“भेलो,” काका म्हणाले.

दौलतराव उठले. मला वाटलं, आता हा माणूस हात उचलणार, आणि खरं सांगते, मी अडवलं नसतं. पण ते काकांच्या अगदी समोर येऊन थांबले आणि खालच्या आवाजात बोलू लागले.

“माहा पोरगा त्या दिवशी संगं होता. प्रफुल. मायले मी ओढत नेलं ते त्यानं पाहिलं. ती थांबा थांबा म्हनून राहिली होती. पोरगा मोठा झाला, पुन्याले नोकरीले लागला, अन् एक दिवस मले म्हने, मायले तूनंच मारलं. तवापासून येत नाही. लग्नाले बलावलं नाही. नात झाली म्हनते, म्या पाहिली नाही. मी काय बोलू त्याले? मलेबी तसंच वाटे.”

काकांचा खांबावरचा हात घसरला. मी पुढे झाले, पण त्यांनी मला हातानंच थांबवलं. एवढी वर्षं त्यांनी एका बाईचं मरण आणि एका माणसाचं दुःख उरावर वागवलं होतं. त्यामागे एक पोरका मुलगा आणि एक न पाहिलेली नात आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते न बोलता परत फिरले होते त्या दोन्ही खेपांना हे घर स्टँडपासून दहा मिनिटांवर होतं.

“मले सांगून काय होते?” दौलतराव म्हणाले. “त्याले सांगा. माहा फोन तो उचलत नाही. तुमच्या फोनवरून लावा.”

नंबर त्यांना पाठ होता. एक एक आकडा ते सांगत गेले आणि काका दाबत गेले. पहिल्यांदा कुणी उचलला नाही. काकांनी पुन्हा लावला.

“प्रफुलभाऊ बोलता काजी? फोन ठेवू नका. मी तुमच्या वडिलांच्या छपरीतून बोलून राहिलो... नाही, त्यांची तब्येत बरी आहे. मी धकाते. तुमच्या मायची पट्टी मी काढली होती, नागपूरले... हो, तुम्ही होते तवा. लहान होते तुम्ही.”

मी अंगणात गेले. ते ऐकणं माझं काम नव्हतं. तरी ऐकू येतच होतं. काकांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, दौलतरावांना सांगितलं होतं तसंच, काही न गाळता. मग म्हणाले, “नाही गा बाबू, बाप नाही. मी. तुह्या बापानं तं तिले दवाखान्यात आणली होती. मी घरी पाठवली.” यानंतर ते बराच वेळ नुसते ऐकत होते. मान खाली, फोन कानाला घट्ट. मधूनच “हो” म्हणत. एकदा म्हणाले, “बोला तुम्ही, मी ऐकून राहिलो.” पलीकडून त्यांना काय काय ऐकावं लागलं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

मग त्यांनी फोन कानावरून काढला आणि दौलतरावांपुढे धरला.

“तुमाले द्या म्हणते.”

दौलतरावांनी हात धोतराला पुसले, फोन दोन्ही हातांनी धरला, कानाला लावला आणि नुसतं “हां” म्हणाले. पुन्हा एकदा “हां”. मग खांबाला टेकून खाली बसले.

काका छपरीतून उतरले. पायरी चुकली, मी धरलं. दुपारचे बारा वाजले होते, ऊन डोक्यावर होतं, गाडी समोरच सावलीत उभी होती. मी म्हटलं, “काका, बसा आत. बरं वाटतंय का आता?”

“बरं वाटाले नव्हतो आलो, म्याडम,” ते म्हणाले.

गाडीत बसायला ते तयार होईनात. छपरीकडे पाठ करून, उघड्या डोक्यानं, तिथेच अंगणात उभे राहिले. मागून दौलतरावांचा आवाज येत होता. ते नातीचं नाव विचारत होते. ऐकू आलं नसावं, म्हणून पुन्हा विचारत होते. ते बोलणं संपेपर्यंत काका उन्हातून हलले नाहीत.